वाचक विचारतात : मॅकग्रेगरांचा सिंह नेमका कुणाचा?

गेल्या अंकात स्कॉटलंडमधल्या बॅलव्हिडर गावी असलेल्या, गाजलेला बंडखोर रॉब रॉय मॅकग्रेगर याच्या थडग्याबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेली पत्रं या वेळच्या सदरात घेते आहे. ‘मॅकग्रेगरांना छळणाऱ्या कॅम्पबेल कुळातले लोक इतके दुष्ट का होते?’ असं बऱ्याच जणांनी विचारलंय. त्यांनी दुसरं उत्तर वाचावं. जरा निराश व्हाल, पण वाचा.

प्रश्न : मुलाने एडिनबरोहून एक बिल्ला आणला. गोल पट्टा, त्याला बकल, मधे मुकुट घातलेलं सिंहाचं डोकं आणि पट्ट्यावर न कळणारी अक्षरं. दुकानदार म्हणे, हे मॅकग्रेगर घराण्याचं कोट ऑफ आर्म्स. खरं आहे का? आणि आम्ही मॅकग्रेगर नसून तो लावला तर चालेल का?

उत्तर : बिल्ला अस्सल आहे, दुकानदाराचं म्हणणं नाही. ‘घराण्याचं कोट ऑफ आर्म्स’ अशी चीज स्कॉटलंडमध्ये अस्तित्वातच नाही. तिथलं कुलचिन्ह एका वेळी एकाच माणसाचं असतं. मॅकग्रेगरांचं आहे ते त्यांच्या प्रमुखाचं. त्याचा थोरला मुलगासुद्धा बाप हयात असेपर्यंत तेच चिन्ह जसंच्या तसं वापरू शकत नाही. वरच्या बाजूला तीन दात असलेली एक आडवी पट्टी काढूनच वापरतो. धाकट्या मुलांनी तर रीतसर अर्ज करून भोवती एखादी किनार वगैरे फरक करून घ्यायचा आणि तो नोंदवायचा.

मुळात चिन्ह म्हणजे ढाल. मॅकग्रेगर प्रमुखाची ढाल अशी : रुपेरी जमीन, तिच्यावर तिरपं पडलेलं, मुळांसकट दिसणारं एक झाड, त्याला छेदून जाणारी निळी तलवार आणि तलवारीच्या टोकावर तोललेला लाल मुकुट. हे चित्र पाहून ‘बघा, उखडलेलं कुळ!’ असं म्हणायचा मोह भल्याभल्यांना होतो. तसं काही नाही. मुळं दाखवलेली झाडं युरोपभरच्या ढालींवर सापडतात, ती चित्र काढायची एक रूढ पद्धत आहे. मुकुट मात्र मुद्दाम आहे. तो दावा आहे.

ढालीच्या वर शिरस्त्राण आणि शिरस्त्राणावर जे बसतं ते शिरचिन्ह. तुमच्याकडचं सिंहाचं डोकं हे ते शिरचिन्ह, म्हणजे अख्ख्या चिन्हाचा फक्त वरचा तुकडा. पट्ट्यावरची अक्षरं गेलिक या तिथल्या जुन्या भाषेतली आहेत आणि त्यांचा अर्थ ‘राजवंशी आहे माझं कुळ’. नवव्या शतकातल्या अल्पिन राजवंशातून आपण आलो अशी त्यांची परंपरा आहे. इतिहासकार ती मानत नाहीत. पाय टेकावेत अशी जमीन चौदाव्या शतकात लागते, आर्गाइल परगण्यातल्या ग्लेन ऑर्कीच्या खोऱ्यात. १३९० मध्ये वारलेला एकाक्ष इयन हा त्यांचा नोंदींत नीट दिसणारा सुरुवातीचा प्रमुख.

आता तो पट्टा. खरी गंमत त्याच्यातच आहे. बकल लावलेला पट्टा सांगतो, ‘हे चिन्ह माझं नाही, माझ्या प्रमुखाचं आहे आणि मी त्याचा माणूस आहे.’ स्वतः प्रमुख पट्टा वापरत नाही. त्याच्या टोपीवर साधं वर्तुळ असतं आणि बिल्ल्यामागे गरुडाची तीन पिसं. शाखेच्या नायकाला दोन पिसं, स्वतःचं नोंदलेलं चिन्ह असलेल्या माणसाला एक. बाकी सगळ्यांना पट्टा आणि शून्य पिसं. हायलँड, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, खेळांच्या मैदानावर कोण कुठल्या पायरीवर उभं आहे ते टोपीकडे पाहिलं की कळतं, विचारावं लागत नाही.

तुमच्या मुलाने बिल्ला दप्तराला लावला तर कुणी धावून येणार नाही. किल्ट घालून मॅकग्रेगरांच्या मेळाव्यात लावला, तर कुणीतरी म्हातारबुवा अत्यंत सौजन्याने त्याला आजीचं माहेर विचारतील. मी तुमच्या जागी असते तर कपाटात ठेवला असता. फक्त ‘आमचं चिन्ह’ म्हणून लेटरहेडवर छापू नका.

प्रश्न : मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे. ‘मॅकग्रेगर हे नाव लावायला बंदी होती’ असं तुम्ही ओझरतं लिहिलंत. माणसांवर बंदी समजू शकते, नावावर कशी घालतात? आणि कॅम्पबेलांनी एवढा दावा का धरला?

उत्तर : तुझ्या प्रश्नाला जरा ऐसपैस उत्तर देते, कारण या कुळाचा सगळा जीव याच गोष्टीत आहे.

आधी जमीन. मॅकग्रेगर ज्या खोऱ्यांत पिढ्यान् पिढ्या राहिले, ग्लेन ऑर्की, ग्लेनस्ट्रे, ग्लेनलायन, त्या खोऱ्यांचे राजाच्या शिक्क्याचे कागद हळूहळू कॅम्पबेलांच्या हाती गेले. कसणारे हे आणि सातबाऱ्यावर नाव त्यांचं, असा तो मामला. काही काळ ते निभलंही. मॅकग्रेगर कॅम्पबेलांकडून लढायचे, एकमेकांत सोयरिकी व्हायच्या. लिस्मोरचा डीन, म्हणजे वरिष्ठ पाद्री, जेम्स मॅकग्रेगर याने सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात गेलिक कवितांचा जो संग्रह केला, त्यात कॅम्पबेल कवीही आहेत. तेव्हा ‘जन्मजात वैरी’ वगैरे विसर.

बिनसलं ते ग्लेनऑर्कीचा जहागीरदार कॉलिन कॅम्पबेल याच्या वेळी. त्याने तरुण प्रमुख ग्रेगर रॉय याला ग्लेनस्ट्रेची जमीन द्यायचं नाकारलं. ग्रेगर रानात गेला, लूटमार करू लागला, पकडला गेला आणि ७ एप्रिल १५७० ला त्याचं मुंडकं उडवलं. त्याची बायको कोण? मॅरियन कॅम्पबेल, ग्लेनलायनच्या कॅम्पबेलाची लेक. तिच्या माहेरच्यांच्या जातभाईंनी तिचा नवरा मारला. तिने तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन म्हटलेला विलाप म्हणून जे गाणं ओळखलं जातं, ते गेलिकमध्ये आजही गातात. तिचा एक मुलगा अलास्टर पुढे मॅकग्रेगरांचा प्रमुख झाला. म्हणजे ज्याच्यामुळे नावावर बंदी आली तो माणूस आईकडून कॅम्पबेल होता.

मॅकग्रेगरही काही गरीब गायी नव्हते. १५८९ मध्ये त्यांच्यातल्या काहींनी राजाचा वनाधिकारी जॉन ड्रमंड याला ठार केलं. डोकं बॅलव्हिडरच्या चर्चमध्ये नेलं, आणि तिथे जमलेल्या कुळातल्या माणसांनी एकेक करून त्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की हे कृत्य आम्हा सगळ्यांचं. हे दंतकथेत नाही, प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाच्या, दप्तरात आहे. एका खुनाची जबाबदारी अख्ख्या कुळाने अशी जाहीरपणे अंगावर घेतली, तिथेच ‘कुळालाच शिक्षा’ ही कल्पना दरबाराच्या डोक्यात पक्की झाली असावी, असं माझं मत.

मग १६०२ चा हिवाळा. लॉक लोमंड सरोवराच्या काठावरच्या ‘लस’ गावचं कोहून कुळ आणि मॅकग्रेगर यांच्यात गुरं पळवण्यावरून चकमक झाली. कोहूनांनी स्टर्लिंगला राजा सहाव्या जेम्सपुढे मेलेल्यांच्या आणि जखमींच्या बायका उभ्या केल्या, हातात रक्ताने माखलेले सदरे देऊन. जेम्सला रक्त बघवत नसे. कोहूनांना शस्त्र उचलायची मुभा मिळाली. ७ फेब्रुवारी १६०३ ला ग्लेन फ्रुइनच्या खोऱ्यात दोन्ही बाजू भिडल्या. कोहूनांकडे माणसं जास्त होती, घोडे होते, पण मॅकग्रेगरांनी त्यांना ओलसर, घोडा चालणार नाही अशा जमिनीवर गाठलं आणि दोन्हीकडून दाबलं. कोहूनांची सुमारे १४० माणसं पडली, मॅकग्रेगरांची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. जाताना शेकडो गुरं, मेंढ्या आणि घोडे हाकत नेले.

आता तारखांकडे बघ. २४ मार्चला लंडनमध्ये पहिली एलिझाबेथ वारली आणि जेम्स इंग्लंडचाही राजा झाला. ५ एप्रिलला तो एडिनबरो सोडून दक्षिणेकडे निघाला. आणि मधे, ३ एप्रिलला, निघायच्या दोन दिवस आधी, प्रिव्ही कौन्सिलने हुकूम काढला : मॅकग्रेगर हे नाव आजपासून रद्द. ज्याला जगायचंय त्याने दुसरं नाव घ्यावं.

तू विचारलंस, नावावर बंदी घालतात कशी. घालताना एका फटक्यात, पण राबवताना वर्षानुवर्षं, एकेक कलम वाढवत. मॅकग्रेगर असलेल्याने शस्त्र बाळगायचं नाही; जेवणाचं मांस कापायला सुरी चालेल, पण तिला टोक नको. पुढे १६१३ मध्ये, चारापेक्षा जास्त जणांनी एकत्र जमायचं नाही. १६३३ च्या कायद्याने पाद्र्यांना बजावलं की या नावाने मुलाचा बाप्तिस्मा करायचा नाही. या नावाने सही केलेल्या करारालाही कोर्टात किंमत नाही. म्हणजे उधार दिलेले पैसे बुडाले तरी दाद मागता येत नाही. तलवारीच्या धाकापेक्षा हे शेवटचं कलम जास्त जाचक होतं, असं मला नेहमी वाटतं.

आणि अलास्टरचं काय झालं? तो वर्षभर निसटत राहिला. शेवटी आर्गाइलच्या अर्लने, म्हणजे कॅम्पबेलांच्या प्रमुखाने, त्याला शब्द दिला : शरण ये, मी तुला सुखरूप इंग्लंडच्या हद्दीत पोहोचवतो. अर्लने शब्द अक्षरशः पाळला. अलास्टरला बेरिकपर्यंत नेलं, हद्द ओलांडू दिली आणि तिथूनच परत फिरवून एडिनबरोला आणलं. कोहूनांवर चालून जायला याच अर्लने मला भरीला घातलं, असं अलास्टरने कबुलीजबाबात सांगितलं. ऐकून घेणारं कुणी नव्हतं. २० जानेवारी १६०४ ला बाजारचौकातल्या ‘मरकॅट क्रॉस’ या खांबापाशी त्याला साथीदारांसह फासावर दिलं. तो प्रमुख, म्हणून त्याला बाकीच्यांपेक्षा त्याच्या स्वतःच्या उंचीइतकं वर टांगलं. नाव काढून घेतलं, पण मानाची पायरी तेवढी फासावरसुद्धा सांभाळली!

मग लोकांनी नावं घेतली : मरे, ड्रमंड, ग्रॅहम, स्टुअर्ट आणि हो, कॅम्पबेलसुद्धा. दुसऱ्या चार्ल्सने १६६१ मध्ये बंदी उठवली, राजा विल्यमने १६९३ मध्ये पुन्हा घातली. रॉब रॉयचा जन्म १६७१ चा, लॉक कॅट्रिनच्या वरच्या टोकाला ग्लेनगाइलमध्ये. त्यामुळे तो मॅकग्रेगर म्हणून जन्मला आणि ऐन बावीस-तेविसाव्या वर्षी कायद्याने मॅकग्रेगर उरला नाही. मग सही करायचा आईच्या नावाने : रॉबर्ट कॅम्पबेल. १७३४ मध्ये वारला तेव्हाही बंदी कायम होती. त्याच्या थडग्याशी लोखंडी गजांच्या कुंपणात लोक नाणी ठेवून जातात. उशाशी बऱ्याच नंतर बसवलेला एक दगड आहे, त्यावर ठसठशीत अक्षरं : ‘मॅकग्रेगर, त्यांच्या नाकावर टिच्चून’. इंग्रजी शब्द इतके फणकारेदार नाहीत, पण भाव हाच.

प्रश्न : १८१८ च्या फेब्रुवारीत थाळनेरच्या किल्ल्याच्या दरवाजात जखमी झालेल्या इंग्रज अधिकाऱ्यांत ‘लेफ्टनंट कर्नल मॅकग्रेगर मरे’ असं नाव वाचलं. हे तुमच्याच मॅकग्रेगरांपैकी का?

उत्तर : त्यांच्यापैकीच, आणि साधासुधा नाही; कुळप्रमुखाचा मुलगा, इव्हन. तुमच्या प्रश्नामुळे बंदीचा शेवट सांगायला बरं निमित्त मिळालं. १७७४ मध्ये पार्लमेंटने बंदी कायमची उठवली. पण पावणेदोनशे वर्षांत प्रमुख कोण हेच धूसर झालं होतं. दावेदार दोन-तीन शाखांचे होते. तेव्हा ८२६ मॅकग्रेगरांनी एका कागदावर सह्या करून सांगितलं की आमचा प्रमुख लॅनरिकचा जॉन मरे. मरे! नाव परत मिळालं तरी प्रमुखाच्या घरात बंदीच्या काळातलं नाव चालूच होतं. थाळनेरच्या नोंदीतलं ‘मॅकग्रेगर मरे’ हे त्या मधल्या अवस्थेतलं नाव. जबर जखमी होऊनही इव्हन वाचला, बापामागे प्रमुख झाला आणि १८२२ मध्ये राजाच्या परवानगीने मॅकग्रेगर हे आडनाव त्याने रीतसर परत घेतलं. त्याच वर्षी राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला, तेव्हा स्कॉटलंडचा राजमुकुट, राजदंड आणि तलवार यांच्या मिरवणुकीतल्या पहाऱ्याचा मान इव्हनला आणि त्याच्या माणसांना मिळाला. ज्यांना बोथट सुरीखेरीज काही बाळगायची परवानगी नव्हती, त्यांच्या हाती राजमुकुटाची राखण. कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट त्या सोहळ्याचे सूत्रधार होते. असले योग जुळवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

प्रश्न : प्रत्येक क्लॅनचा (कुळाचा) टार्टन, म्हणजे चौकडीचा नमुना, हजार वर्षांपूर्वीचा असतो का?

उत्तर : नाही. चौकडीचं कापड जुनं, पण अमुक चौकडी अमुक कुळाची ही शिस्त मुख्यतः १८०० च्या आगेमागे बसली. कलोडनच्या लढाईत सरकारी फौजेने हायलँडमधलं बंड मोडलं, त्यानंतर १७४६ च्या कायद्याने हायलँडच्या पोशाखावर बंदी आली, ती उठली १७८२ मध्ये. नंतर मागणी वाढली. बॅनकबर्नच्या विल्सन मंडळींच्या मागांवर नमुने आधी नुसत्या क्रमांकांनी विकले जात, पुढे त्यांना कुळांची नावं लागली. जॉर्जच्या १८२२ च्या भेटीने तर झुंबड उडाली. २००९ पासून टार्टनांची सरकारी नोंदवही आहे, पण कुणी कोणता घालावा याला कायदा नाही. लाल-काळ्या चौकड्यांचा ‘रॉब रॉय’ तुम्हाला आवडतो ना? खुशाल घाला. बिल्ल्याबाबत मी आखडते, कापडाबाबत नाही.

प्रश्न : माझा भाचा ग्लासगोत स्थायिक आहे, आता तिथला नागरिक. त्याला स्वतःचं कोट ऑफ आर्म्स मिळू शकतं का? की त्यासाठी स्कॉटिश रक्त लागतं?

उत्तर : मिळू शकतं. रक्त लागत नाही. तो स्कॉटलंडमध्ये राहतो एवढं पुरे. परदेशात राहणाऱ्यालाच स्कॉटिश पूर्वज दाखवावा लागतो. अर्ज करायचा लॉर्ड लायन किंग ऑफ आर्म्स या अधिकाऱ्याकडे. कचेरी एडिनबरोत, न्यू रजिस्टर हाउसमध्ये. माणूस ‘सद्गुणी आणि पात्र’ असावा अशी जुनी अट आहे. भाच्याने जन्म, शिक्षण, काम यांचे दाखले जोडायचे आणि काय चितारावं याबद्दल आपल्या कल्पना मांडायच्या. अंतिम शब्द लायनचा. खर्च काही हजार पौंड, त्यामुळे हौस खरी असेल तरच. त्या बदल्यात चर्मपत्रावर हाताने रंगवलेली सनद मिळते आणि १६७२ च्या कायद्याने सुरू झालेल्या नोंदवहीत कायमची नोंद होते.

त्याला एक सांगा : नुसतं आवडलं म्हणून इंटरनेटवरून एखादं चिन्ह उचलून कंपनीच्या पाटीवर लावू नकोस. लॉर्ड लायन हा नुसता समारंभाचा मानकरी नाही, तो न्यायाधीश आहे. त्याचं स्वतःचं न्यायालय आहे आणि तिथे खटला चालवायला सरकारी वकील आहे. १५९२ च्या कायद्यात बेकायदा चिन्हाला १०० पौंड दंड आणि ज्या वस्तूवर ते चिन्ह असेल ती वस्तूच जप्त, अशी तरतूद आहे. त्या काळी जप्तीत चांदीची ताटं जायची, आता पाट्या जातील. डोनाल्ड ट्रम्प यांच्या ॲबरडीनशरमधल्या गोल्फ मैदानासाठी न नोंदलेलं चिन्ह वापरलं जात होतं, तेव्हा त्यांनाही कायदा दाखवला गेला. मग २०१२ मध्ये त्यांच्या गोल्फ क्लबाने रीतसर नवं चिन्ह घेतलं, लॅटिन ब्रीदासह : ‘कधीही हार मानू नका’. लायनपुढे मानली, असं तिथले लोक चहा पिताना म्हणतात.

आणि भाच्याने मॅकग्रेगरांचा मुकुटधारी सिंह मागू नये. तो दिलेला आहे.

प्रश्न : वाढदिवसाची भेट म्हणून मला स्कॉटलंडमधली एक चौरस फूट जमीन मिळाली, सोबत ‘लेअर्ड’ (जमीनदार) असल्याचं प्रमाणपत्र. आता मी चिन्हासाठी अर्ज करू शकतो का? आणि मी कुठल्या क्लॅनचा?

उत्तर : पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचं ‘कुठल्याच नाही’. अशा आठवणीपुरत्या तुकड्यांची नोंद स्कॉटलंडच्या जमीन दप्तरात होतच नाही, त्यामुळे कायद्याच्या भाषेत ती जमीन तुमच्या मालकीची झालेली नाही. लॉर्ड लायनच्या कचेरीनेही स्पष्ट केलंय की असा तुकडा चिन्हाच्या अर्जाला पुरत नाही. प्रमाणपत्राचा कागद सहसा जाड आणि देखणा असतो, तेव्हा चौकट करून भिंतीवर जरूर लावा. पासपोर्टच्या अर्जात मात्र नावाआधी काही लिहू नका.